मावशींची गाडी आणि आपला संकोच

पत्र

ताई,

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. दोघंही नोकरीवर. मुलगी पाच वर्षांची, किंडरगार्टनला जाते. मुलगा अडीच वर्षांचा. जानेवारीपासून मुलांना सांभाळायला एक मराठी मावशी येतात. त्यांचा मुलगा-सून इथेच आहेत. स्वभावाने इतक्या गोड की मुलं त्यांना आजीच समजतात. पगार आम्ही पेरोल कंपनीमार्फत देतो, तासाला ३० डॉलर.

मावशींची स्वतःची गाडी आहे. सुरुवातीला गाडीचा विषय नव्हता, पण हळूहळू लेकीला शाळेत सोडणं-आणणं, आठवड्यातून दोनदा जिम्नॅस्टिक्स, मधेच लायब्ररी, कधी येता येता दूध-भाजी, असं सगळं त्यांच्याच गाडीतून होऊ लागलं. आठवड्याला सत्तरेक मैल होत असतील. त्याचे वेगळे पैसे आम्ही कधी दिलेले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अगं, राहू दे. मुलांसाठी एवढं काय मोजायचं?"

गेल्या आठवड्यात त्यांनी चार नवे टायर घातले. त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता, तो हसत म्हणाला, "तुमच्या जिम्नॅस्टिक्सनं खाल्ले हो आईचे टायर." मावशी त्याच्यावर डाफरल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा म्हणतो, तासाला ३० म्हणजे उत्तम पगार, गाडी त्यातच आली. फार तर महिन्याला ५० डॉलर गॅसचे देऊ. मला वाटतं, दिवाळीला साडी आणि ५०० डॉलर दिले ते त्यातच धरावेत का? की टायरचे पैसे देऊन टाकावेत? आणि त्या नकोच म्हणाल्या तर? त्यांना वाईट वाटेल असं काही करायचं नाहीये.

– संकोचलेली

उत्तर

प्रिय संकोचलेली,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. मावशींना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही दहा महिने हा विषय काढला नाहीत. तेवढ्या काळात त्यांची गाडी झिजली, टायर गेले, आणि शेवटी मुलाला थट्टेच्या आडून बोलावं लागलं. वाईट वाटायचं ते वाटून झालेलं आहे, फक्त ते मावशींनी बोलून दाखवलं नाही. आता बोलायची पाळी तुमची.

सरळ उत्तर असं: हो, पैसे द्यायचे आहेत, मैलाच्या हिशोबाने द्यायचे आहेत, आणि जानेवारीपासूनचे द्यायचे आहेत. तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, त्यामुळे हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न उरत नाही. तिथल्या कामगार कायद्याचं कलम २८०२ सांगतं की काम करताना कामगाराला जो आवश्यक खर्च पडतो, तो मालकाने भरून द्यायचा. हे कलम मोठ्या कंपन्यांपुरतं नाही. घरात मुलं सांभाळायला ठेवलेली व्यक्ती ही तुमची कामगार आणि तुम्ही तिचे मालक. 'मालक' म्हटल्यावर अंग चोरू नका. पेरोल कंपनीच्या कागदांवर तुमची सही त्याच नात्याने आहे.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा: "पगारातच आलं." असं अनेक घरांत म्हणतात, आणि ऐकायला ते वाजवीही वाटतं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गट्टूसो खटल्यात नेमका हाच प्रश्न आला होता. न्यायालयाने सांगितलं की वाढीव पगारातून गाडीचा खर्च भरून देता येतो, पण त्यातला किती भाग पगाराचा आणि किती गाडीचा हे स्पष्ट वेगळं काढता आलं पाहिजे. तसं असेल तरच तो खर्च पुरेसा भरून निघाला की नाही हे कामगाराला तपासता येतं. तुम्ही ३० डॉलर ठरवले तेव्हा गाडीचा विषयच नव्हता, हे तुम्हीच लिहिलं आहे. मग ते ३० डॉलर मावशींच्या वेळेचे, त्यांच्या जिवापाड सांभाळण्याचे. जी गोष्ट ठरलीच नव्हती ती नंतर त्या आकड्यात कोंबता येत नाही. पगार उत्तम आहे हे मान्य, पण तुमच्या ऑफिसने तुम्हाला दौऱ्यावर पाठवून "पगार चांगला आहे ना, मग तिकीट तुम्हीच काढा" म्हटलं तर यजमान काय म्हणतील, हे त्यांना विचारून बघा.

महिन्याला ५० डॉलर गॅसचे, हा आकडा मात्र त्यांनी हवेतून काढलेला नाही. मी करून पाहिलं. साधारण गाडी गॅलनला ३० मैल देते, तुमच्याकडे गॅलन साडेचार-पाच डॉलरला पडतो, म्हणजे मैलाला पंधरा-सोळा सेंट. आठवड्याला ७० मैल धरले की महिन्याचे पन्नासच्या आत-बाहेर होतात. हिशोब बरोबर आहे, पण चुकीच्या गोष्टीचा आहे. गॅस हा गाडीच्या खर्चातला डोळ्यांना दिसणारा भाग. पंपावर आकडे पळतात म्हणून तो कळतो. बाकीचं गुपचूप होत असतं: टायर, ब्रेक, ऑइल, विम्याचा हप्ता, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे घसारा. प्रत्येक मैलागणिक गाडीची विकायची किंमत थोडी उतरते. मावशी ही गाडी पुढेमागे विकतील तेव्हा तुमच्या लेकीच्या शाळेचे मैल त्या किमतीतून कापले जातील.

आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं संघीय करखातं, दर वर्षी मैलाचा जो प्रमाण दर जाहीर करते, त्यात हे सगळं धरलेलं असतं. २०२४ साठी तो ६७ सेंट होता, २०२५ साठी ७० सेंट होता. या ७० सेंटांतले ३३ तर आयआरएसने निव्वळ घसाऱ्याचे धरले. म्हणजे तुमच्या घरातल्या हिशोबात जो खर्च मुळीच नव्हता, तो गॅसच्या दुप्पट निघाला. यजमानांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. माणूस आकड्यांचा दिसतो, त्याला माझ्या उपदेशापेक्षा हे लवकर पटेल.

हा आयआरएसचा दर देण्याची सक्ती नाही, हेही सांगून ठेवते. कायद्याला हवा आहे तो प्रत्यक्ष खर्च. पण प्रत्यक्ष खर्च काढायचा म्हणजे मावशींनी वर्षभराच्या पावत्या जपायच्या, घसारा मोजायचा, त्यातले घरचे मैल किती आणि कामाचे किती याची टक्केवारी काढायची. कोण करणार? म्हणून सगळे प्रमाण दर धरतात आणि कॅलिफोर्नियातही तो वाजवी मानला जातो. त्याहून कमी दर ठरवलात आणि मावशींचा खर्च जास्त निघाला, तर फरक द्यावा लागेल. कशाला त्या वाटेला जायचं? २०२५ च्या मैलांना ७० सेंट द्या आणि मोकळे व्हा.

तुमच्या आकड्यांवरून आठवड्याला ७० मैल म्हणजे ४९ डॉलर. महिन्याला साधारण २१० डॉलर. जानेवारीपासून आतापर्यंत सुट्ट्या, आजारपणं, तुमच्या सहली वगैरे वजा करून ४० आठवडे धरले तर १,९६० डॉलर होतात. आकडा बघून दचकला असाल. पण ही रक्कम आजपर्यंत कुणीतरी भरतच होतं, एवढं ध्यानात घ्या.

आता कुठले मैल मोजायचे. मावशी सकाळी आपल्या घरून तुमच्या घरी येतात आणि संध्याकाळी परत जातात, ते मैल त्यांचे. नोकरीला जाण्या-येण्याचा खर्च कुणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. तुमच्या दारातून गाडी निघाली की तिथून पुढे तुमचे. यात एक गंमत सगळे विसरतात: लेकीला शाळेत उतरवून गाडी रिकामी परत येते, तेही मैल कामाचेच. गाडीत मूल आहे की नाही याचा संबंध नाही, गाडी कुणाच्या कामासाठी धावते आहे याचा आहे. शाळा दोन मैलांवर असेल तर सोडणं चार मैल आणि आणणं चार, दिवसाचे आठ. एखाद्या दिवशी मावशी आपल्या घरून थेट शाळेत जाऊन लेकीला घेत असतील, तर तो पहिला टप्पा कामावर येण्याचा, आणि शाळेपासून पुढचे मैल तुमचे. येता येता तुमचं दूध आणलं तर वळसा तुमचा. स्वतःचं औषध आणायला त्या दोन मैल वळल्या तर ते दोन मैल वगळायचे. त्याहून बारीक मोजू नका. रस्ता बंद होता म्हणून दीड मैल जास्त झाले, यावरून चर्चा करण्यात दोघींचीही शोभा नाही.

टोल आणि पार्किंग या दरात धरलेलं नसतं, ते वेगळं द्यायचं. मावशी मुलांना घेऊन डंबार्टन पुलापलीकडे वगैरे जात असतील, तर टोल भरणारा तुमचाच फास्टट्रॅक टॅग त्या दिवशी त्यांच्या गाडीत ठेवा. वेगाबद्दल दंड झाला तर तो चालवणाऱ्याचा. पण तुम्हीच "पटकन आत जाऊन लेकीला घेऊन या" म्हणालात आणि लाल पट्टीशेजारी गाडी उभी केल्याबद्दल पावती आली, तर ती तुम्ही भरा.

मैलांचे पैसे दिले म्हणजे वेळेचे झाले असं मात्र नाही. गाडी चालवण्याचा वेळ हा कामाचा वेळ. जिम्नॅस्टिक्सच्या बाहेर धाकट्याला मांडीवर घेऊन बसण्याचा पाऊण तासही कामाचाच. कॅलिफोर्नियात मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीला दिवसाला ९ तास किंवा आठवड्याला ४५ तासांच्या वर दीडपट पगार द्यावा लागतो. वाहतुकीत अडकून त्यांना साडेनऊ तास झाले तर तो अर्धा तास दीडपट. ते तुम्ही देत असाल असं धरते. नसाल तर या निमित्ताने पेरोलमधले तास तपासून घ्या.

साडी आणि ५०० डॉलर? ती दिवाळी होती. भेट म्हणून प्रेमाने दिली, त्यांनी प्रेमाने घेतली. आता मागे वळून तिच्यावर 'गाडीभाडे' असं लिहू नका. तसं केलंत तर दोन्ही गोष्टी बिघडतात: भेट भेट राहत नाही आणि देणंही नीट फिटत नाही. शिवाय करखात्याच्या नजरेत कामगाराला दिलेली रोख दिवाळी हा पगाराचाच भाग असतो, तर मैलांचे पैसे नीट नोंदीनिशी दिले तर ते पगार नसतात. एकाच पाकिटात दोन वेगळ्या जातीचे पैसे कोंबू नयेत.

त्या नोंदीचंच सांगते, कारण पैसे वाचतात ते तिथे. प्रमाण दरापर्यंत दिलेली रक्कम, तारीख-ठिकाण-कारण-मैल अशी नोंद असेल तर, मावशींचं उत्पन्न धरली जात नाही. तिच्यावर त्यांना कर नाही, तुम्हालाही सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा वाटा नाही, डब्ल्यू-टूमध्ये, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या कर-फॉर्ममध्ये, ती पगारात मिसळायची नाही. दरापेक्षा जास्त दिलंत तर वरची रक्कम, आणि नोंद न ठेवता महिन्याला गोल रक्कम दिलीत तर ती सगळी, पगारात जमा होते. यजमानांच्या महिन्याला ५० डॉलरची हीसुद्धा अडचण आहे. आणि तुम्ही दिले नाहीत तर मावशींना ते स्वतःच्या करातून वजा करून घेता येतील, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. नोकरदारांना कामाचा न मिळालेला खर्च संघीय करातून वजा करण्याची सोय २०१८ पासून बंद झाली आहे. म्हणजे तुम्ही न दिलेला प्रत्येक डॉलर त्यांच्या खिशातून पुरता जातो.

नोंदीसाठी मोठी यंत्रणा नको. एक वही गाडीच्या कप्प्यात ठेवा. ठरलेल्या वाटा एकदा नकाशावर मोजून पहिल्या पानावर लिहा: घर-शाळा-घर इतके, शाळा-जिम्नॅस्टिक्स-घर इतके. मग मावशींनी रोज फक्त तारीख आणि "शाळा दोनदा, जिम" एवढं लिहायचं. मराठीत लिहू देत, आठवड्याच्या शेवटी पेरोलमध्ये तुम्ही इंग्रजीत उतरवा. पेरोल कंपनीकडे मैलांच्या भरपाईची वेगळी ओळ असते, तिथेच टाका. खर्च झाल्यापासून ६० दिवसांच्या आत नोंद झाली तर आयआरएस ती वेळेवर झाली असं धरते, म्हणून महिन्याच्या वर ढकलू नका. फोनवरची ॲप्सही मिळतात, पण दोन मुलांना सीटबेल्ट लावता लावता ॲप सुरू करायला लावणं मला तरी जाचक वाटतं.

मागच्या दहा महिन्यांची वही नाही, पण माग आहे. शाळेचं कॅलेंडर, जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाची हजेरी, तुमच्या रजा, लायब्ररीची पुस्तकं बदलल्याच्या तारखा, तुमचे मावशींशी झालेले मेसेज. हे घेऊन एका संध्याकाळी बसलात तर आठवड्यावार यादी तयार होईल. शंका असेल तिथे मावशींच्या बाजूने धरा. ती यादी आधी पेरोल कंपनीला किंवा तुमचा कर बघणाऱ्या सीपीएला दाखवा आणि ६० दिवसांपेक्षा जुनी रक्कम पगारात दाखवायची की भरपाईत, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. पगारात दाखवावी लागली तर त्यावरच्या कराचा मावशींच्या वाट्याचा भार तुम्ही उचला. उशीर तुमच्याकडून झाला आहे.

टायरचं वेगळं काय? काही नाही. मैलाच्या दरात टायर आले. मागचे मैल चुकते केलेत की टायरमधला तुमचा वाटा दिला गेला, बाकीचा झिजला तो त्यांच्या स्वतःच्या फिरण्यात. नुसते टायरचे पैसे हातावर ठेवून विषय मिटवू नका. तो मुलाच्या टोमण्याला दिलेला मोबदला दिसेल. आणि त्या मुलाशी या विषयावर बोलूही नका. गाडी मावशींची, काम मावशींचं, बोलणं त्यांच्याशीच.

आता ते बोलणं. मला वाटतं तुमची खरी अडचण इथे आहे, बाकी सगळं तुम्ही शोधून काढलंच असतंत. आपल्याकडे घरात काम करणाऱ्या बाईला मावशी म्हटलं की पैशाचं बोलणं अवघड होऊन बसतं. मालकिणीला वाटतं, पैसे काढले तर नातं हलकं होईल. मावशींना वाटतं, मागितले तर आपण हावरट ठरू. दोघीही एकमेकींची भीड राखतात आणि त्या भिडेचा खर्च दर वेळी एकीलाच पडतो. "राहू दे" हे उत्तर तुम्ही खरं मानलंत, पण प्रश्न कसा विचारला होता ते आठवा. "मावशी, गॅसचे पैसे देऊ का?" असं उभ्या उभ्या विचारलं की मराठी घरात वाढलेली कुठली बाई "हो, दे" म्हणेल? चहा घेणार का विचारल्यावरसुद्धा आपण आधी नको म्हणतो. त्या "नको"ला होकार किंवा नकार समजू नये. तो शिष्टाचार आहे.

म्हणून विचारू नका, सांगा. मुलं नसताना, जायच्या घाईत नव्हे, खुर्चीवर बसून. असं काहीतरी:

"मावशी, एक हिशोब आमच्याकडून राहून गेलाय. तुमच्या गाडीतून मुलांची ने-आण होते, त्याचे २०२५ च्या दराने मैलाला ७० सेंट आम्ही द्यायचे असतात. जानेवारीपासूनची यादी केली आहे. तुम्ही एकदा बघा, काही सुटलं असेल तर सांगा. पुढच्या पगारापासून दर वेळी वेगळी ओळ येईल."

त्या "अगं काय हे" म्हणतील. तेव्हा कायदा तुमच्या मदतीला येतो. त्याच कायद्याचं कलम २८०४ सांगतं की हा हक्क कामगाराला सोडून देता येत नाही. त्यांनी नको म्हटलं, अगदी लिहून दिलं, तरी ते लिहिणं कायद्यापुढे शून्य. एरवी कायद्याचा बडगा घरात आणू नये, पण इथे त्याच्याइतकी सोयीची सबब नाही. "मावशी, तुम्ही नको म्हणालात तरी मला द्यावेच लागतील, नाहीतर उद्या आम्हीच अडचणीत येऊ" असं म्हणा. हे खरंही आहे, आणि त्यांना पैसे घेताना मान खाली घालायला लागत नाही. उलट तुमच्यावर उपकार केल्यासारखं घेता येतात. यजमानांनाही तिथे बसवा. ही बायकांची कुजबुज नाही, घराचं देणं आहे.

एक प्रश्न मात्र मावशींना मनापासून विचारा: "तुम्हाला स्वतःची गाडी काढायला आवडतं का?" कारण दुसराही मार्ग आहे. तुम्हा दोघांपैकी कुणाची गाडी दिवसभर घरीच उभी असेल, तर मुलांसाठी मावशींनी तीच चालवावी. मैल नाहीत, वही नाही, मुलांच्या सीट्स कायम बसवलेल्या. तुमच्या विमा कंपनीला सांगून पॉलिसीवर नियमित चालक म्हणून त्यांचं नाव घालावं लागेल, हप्ता थोडा वाढेल. मला हा मार्ग जास्त आवडतो. पण काही जणींना दुसऱ्याची मोठी गाडी चालवण्याची धास्ती वाटते, ओरखडा पडला तर काय याचा घोर लागतो. तसं असेल तर आग्रह करू नका.

सीट्सवरून आठवलं. मावशींच्या गाडीतल्या मुलांच्या सीट्स कुणी घेतल्या? तुम्ही पत्रात लिहिलं नाही. तो खर्च पूर्ण तुमचा. रोज एका गाडीतून काढून दुसरीत बसवत असाल तर ते थांबवा आणि त्यांच्या गाडीसाठी वेगळा संच घ्या. घाईत बसवलेली सीट सैल राहते. कॅलिफोर्नियात ८ वर्षांच्या आतलं मूल मागच्या सीटवर कार सीटमध्ये किंवा बूस्टरवर बसलं पाहिजे, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात आली. हायवे पेट्रोलच्या कार्यालयांत वेळ ठरवून सीट नीट बसली आहे का ते फुकट तपासून देतात. एकदा मावशींबरोबर जाऊन या.

हे वाचणाऱ्या बाकीच्या राज्यांतल्या मंडळींसाठी दोन ओळी. इलिनॉयमध्ये २०१९ पासून असाच कायदा आहे. टेक्साससारख्या राज्यात तसा नाही. तिथे संघीय नियम एवढंच पाहतो की गाडीचा खर्च वजा जाता पगार किमान वेतनाच्या खाली येऊ नये. म्हणजे कायद्याने सुटाल. तरी माझं मत तेच: कामावर घेतानाच मैलाचा दर करारात लिहा. चांगली माणसं मिळवणं आणि टिकवणं किती कठीण आहे हे तुम्हाला माहीत आहेच.

संकोचलेली, शेवटी विम्याकडे येते. पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटली. मैलांचे पैसे दोन महिने उशिरा दिले तरी आभाळ कोसळत नाही, अपघात मात्र थांबत नाही. मावशी तुमच्या कामावर असताना गाडी चालवतात. त्यांच्या हातून कुणाला इजा झाली तर दावा त्यांच्याबरोबर तुमच्यावरही येऊ शकतो. त्यांच्या गाडीचा विमा किती रकमेचा आहे ते बघितलं आहे का? कॅलिफोर्नियाची सक्तीची किमान मर्यादा वर्षानुवर्षं एका माणसाच्या इजेसाठी १५ हजार आणि एका अपघातासाठी ३० हजार डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती अनुक्रमे ३० हजार आणि ६० हजार झाली, मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार. अमेरिकेतल्या इस्पितळाचं एक बिल पाहिलेल्या कुणालाही कळेल की हे पुरेसं नाही. मावशींनी आपल्या विमा कंपनीला कळवावं की कामाचा भाग म्हणून मालकाची मुलं या गाडीतून नेते, आणि मर्यादा वाढवून घ्यावी. त्यामुळे हप्ता जितका वाढेल तो फरक तुम्ही द्या. मैलाच्या दरात विमा धरलेला असला तरी ही वाढ निव्वळ तुमच्यामुळे आहे. अपघातात त्यांच्या गाडीचं नुकसान झालं तर डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी स्वतःच्या खिशातून भरायचा हिस्सा, कोण भरणार तेही आताच ठरवा. तुमच्या कामावर असताना झालं असेल तर तुम्ही भरावं, असं माझं म्हणणं.

तुमच्या बाजूने दोन फोन. एक तुमच्या घराच्या विमा कंपनीला: मावशींसाठी वर्कर्स कॉम्पेन्सेशनचं संरक्षण पॉलिसीत आहे का, नसेल तर कसं घ्यायचं. कामावर असताना गाडीत त्यांनाच इजा झाली तर उपचाराचा खर्च त्यातून व्हायचा असतो आणि कॅलिफोर्नियात ही जबाबदारी तुमची आहे. दुसरा फोन अम्ब्रेला पॉलिसीसाठी, म्हणजे घर-गाडीच्या विम्याच्या मर्यादेपलीकडच्या दाव्यांसाठीच्या जादा विम्यासाठी, आणि तो करताना "आमची कामगार स्वतःच्या गाडीतून आमची मुलं नेते, तो दावा यात बसेल का" असं याच शब्दांत विचारून उत्तर लेखी मागवा. ही उत्तरं हातात येईपर्यंत जिम्नॅस्टिक्सला तुम्ही दोघांनी आळीपाळीने सोडा.